शिकागोची ‘द ग्रेट ट्रेन स्टोरी’: सँटा फेची हळहळ आणि वजनाचा हिशेब

शिकागोच्या म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्रीत आज जी मॉडेल रेल्वे धावते ती २००२ची. नाव ‘द ग्रेट ट्रेन स्टोरी’. म्युझियमच्या नावाआधी २०२४पासून ‘ग्रिफिन’ लागलं आहे, पण सवयीने लोक जुनंच नाव घेतात. या रेल्वेच्या आधी तिथे साठ वर्षं दुसराच लेआउट, म्हणजे रूळ, डोंगर आणि गावांची छोटी मांडणी, होता. मिंटन क्रॉन्काइट या त्या काळच्या नावाजलेल्या मॉडेलकाराने सँटा फे या अमेरिकी रेल्वे कंपनीसाठी तो उभारला आणि १९४१ साली तो सुरू झाला. ‘ओ स्केल’ या मोठ्या मापाच्या गाड्या, नैर्ऋत्य अमेरिकेचे तांबडे डोंगर, आणि सगळीकडे एकाच रेल्वे कंपनीचं नाव. तो लेआउट बघत मोठे झालेले लोक आज नातवंडांना घेऊन येतात, नव्या लेआउटसमोर दहा मिनिटं उभे राहतात आणि म्हणतात, ‘पूर्वीची मजा नाही.’

हळहळ खरी आहे. कारण मात्र बहुतेक जण भलतंच सांगतात. कुणी पाहुण्यांनी दाबायच्या बटणांना नावं ठेवतं, कुणी प्लास्टिकला, कुणाला गर्दी नको असते. खरं कारण वजनात आहे, आणि ते आकड्यांत मांडता येतं.

जुना लेआउट ओ स्केलचा, म्हणजे अमेरिकेत साधारण १:४८, खऱ्याचा अठ्ठेचाळिसावा भाग. नवा एचओ, म्हणजे १:८७. एचओचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिलिमीटर, ओचं जवळपास दुप्पट, ३२ मिलिमीटर. अमेरिकेतला ८५ फुटी प्रवासी डबा ओमध्ये ५४ सेंटिमीटर भरतो, एचओमध्ये जेमतेम ३०. लांबीतला हा फरक डोळ्याला चटकन कळतो. वजनातला फरक कळत नाही, तो नुसता जाणवतो. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची डब्याच्या वजनाबद्दल शिफारस आहे: एचओमध्ये एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, ओमध्ये पाच औंस अधिक दर इंचाला एक औंस. त्या हिशेबाने एचओचा तो लांब डबा सुमारे १९५ ग्रॅमचा होतो, आणि ओचा जवळजवळ पाऊण किलोचा. असे दहा डबे म्हणजे ओमध्ये सात किलोंहून जास्त लोखंड-पितळ-लाकूड एका इंजिनामागे निघालेलं असतं. ती गाडी सांध्यावरून जाताना खडखडते, पुलावर आवाज बदलतो, थांबताना मागचा डबा पुढच्याला हलकेच ढकलतो. एचओची गाडी कितीही तपशीलवार बनवली तरी सांध्यावर नुसती कुजबुजते, आणि शंभर माणसांच्या हॉलमध्ये तेवढंही ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. खऱ्या ताशी ६० किलोमीटरच्या हिशेबाने ओची गाडी डोळ्यांसमोरून सेकंदाला ३५ सेंटिमीटर जाते, एचओची १९. प्रमाणात दोघींचा वेग एकच; बघणाऱ्याला मात्र ओची गाडी धावताना दिसते आणि एचओची सरकताना. म्हणून सार्वजनिक लेआउटवर एचओच्या गाड्या बहुधा प्रमाणापेक्षा जोरात पळवतात. लोकांना ‘पळणारी’ गाडी हवी असते, आणि त्या नादात ती खेळण्यासारखी वाटायला लागते. हे तपासायला घड्याळ पुरे. एखादा सिग्नल किंवा खांब धरा आणि एक लांब प्रवासी डबा त्याच्यापुढून जायला किती वेळ लागतो ते मोजा. दीड सेकंद लागला तर वेग ताशी ६०चा आहे. पाऊण सेकंद म्हणजे १२०. अर्ध्या सेकंदाच्याही आत डबा निघून गेला तर गाडी ताशी दोनशेकडे झुकली, म्हणजे अमेरिकेत मालगाडी कुठेही पळत नाही अशा वेगाने.

तर मग जुनाच लेआउट का ठेवला नाही? ठेवायचा म्हटलं तरी तो दाखवायचा काय, हा प्रश्न होता. सँटा फेने तो उभारला तेव्हा शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारी ‘सुपर चीफ’ ही त्या कंपनीची शान होती. लाल-रुपेरी डिझेल इंजिनाचं ते रूप इतकं गाजलं, की लायनेल कंपनीने १९४८ साली त्याच रंगातलं एफ-३ इंजिन खेळण्याच्या गाडीत आणलं आणि ते घरोघरी गेलं. हळहळीचं एक मूळ इथेही आहे. म्युझियममध्ये दिसणारी गाडी आणि घरी ख्रिसमसच्या झाडाखाली फिरणारी गाडी एकाच रंगाची होती. पुढे प्रवासी गाड्या अ‍ॅमट्रॅक या सरकारी कंपनीकडे गेल्या, आणि १९९५ साली सँटा फे बर्लिंग्टन नॉर्दर्नमध्ये विलीन होऊन बीएनएसएफ झाली. ज्या रेल्वेचं कौतुक करायला लेआउट बांधला होता, तिचं स्वतंत्र अस्तित्वच उरलं नाही.

नव्या लेआउटने त्यामुळे रेल्वे काय काम करते हा विषय घेतला, आणि इथे तो जुन्याच्या पुढे जातो. मार्ग शिकागो ते सिएटल. खऱ्या रुळावर हे अंतर २,२०६ मैल, म्हणजे सुमारे ३,५५० किलोमीटर आहे. एचओ प्रमाणात ते जवळपास ४१ किलोमीटर भरेल. लेआउटवर सुमारे १,४०० फूट रूळ आहे, म्हणजे ४३० मीटर. पूर्ण प्रमाणात लागणाऱ्या रुळाचा शंभरावा भाग. कास्केड पर्वतातला खरा बोगदा साडेबारा किलोमीटरचा. तेवढा एकटा मापात करायचा तर १४४ मीटर लागतील, एकूण रुळाचा एक तृतीयांश. तेव्हा काय ठेवायचं आणि काय गाळायचं यातच मांडणाऱ्याची अक्कल दिसते. इथे शिकागोचं शहर आणि सिएटलचं बंदर ही दोन टोकं भरगच्च ठेवली आहेत, मधली शेतं आणि माळरान आवरतं घेतलं आहे, आणि रॉकी व कास्केड हे दोन डोंगर पडद्यासारखे वापरले आहेत. डोंगराआड गेलेली गाडी दुसऱ्या प्रदेशात बाहेर येते, आणि बघणाऱ्याला मधलं हजार किलोमीटर गाळल्याचं कळतही नाही. ही युक्ती जुनीच आहे, पण ३,५०० चौरस फुटांत वीसहून जास्त गाड्या फिरवताना ती इतकी सफाईने साधणं सोपं नाही.

मालाची साखळी नीट बघा. कास्केडमध्ये लाकूड, माळावर धान्य, बंदरावर कंटेनर. कुठला माल कुठून निघतो आणि कुठे उतरतो याचा धागा लेआउटभर पकडता येतो. जुना लेआउट निसर्गदृश्य म्हणून सुंदर होता, पण गाडी कशासाठी धावते आहे हा प्रश्न त्याने फारसा विचारला नाही.

बटणांबद्दल तक्रार करणाऱ्यांना थोडं समजवावं लागेल. सिएटलचा उचलता पूल, रॉकीतला बोगदा खणण्याचं काम, कास्केडमधली लाकूडतोड, या गोष्टी पाहुण्यांच्या बटणावर चालतात. कुणी म्हणेल पोरखेळ. पण उचलता पूल हा सगळ्या लेआउटवरचा सर्वांत अवघड सांधा असतो. पूल खाली आल्यावर दोन्हीकडचे रूळ अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत, नाहीतर एचओच्या चाकाची इवलीशी कड तिथे अडते आणि गाडी उतरते. शिवाय पूल वर असताना अलीकडच्या रुळातली वीज तोडावी लागते, म्हणजे गाडी आपोआप थांबते. हे दिवसात शेकडो वेळा, अनोळखी पोरांच्या हातून होऊनही चुकू द्यायचं नाही. ज्याने घरच्या लेआउटवर एकदा तरी उचलता पूल बसवून पाहिला आहे, तो त्या बटणाकडे आदराने बघेल.

आता देखभालीचा हिशेब, कारण सार्वजनिक लेआउटचं मरण तिथेच असतं. म्युझियम सर्वसाधारणपणे सकाळी साडेनऊ ते दुपारी चार उघडं असतं, वर्षातले जवळपास सगळे दिवस. साडेसहा तास गुणिले ३६० म्हणजे एका इंजिनाच्या वाट्याला वर्षाला २,३०० तासांहून जास्त. घरी दर रविवारी दोन तास गाडी चालवणाऱ्याला तेवढे तास भरायला बावीस-तेवीस वर्षं लागतील. प्रमाणातल्या ६०च्या वेगानेही ते इंजिन वर्षाला सोळाशे किलोमीटर तोडतं. बाजारातली एचओ इंजिनं घरगुती वापरासाठी बनतात. आधी मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, त्यांची काळी पूड कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या भागाच्या) फटीत बसते आणि इंजिन झटके देऊ लागतं. चाकांवर रबरी पट्टी असेल तर ती ताणून सैल होते, चढावर चाकं जागच्या जागी फिरतात आणि रुळावर काळा डाग पाडतात. गिअरमधलं प्लास्टिक फाटतं. मग अशा ठिकाणी इंजिनांची पाळी लावावी लागते: काही रुळावर, काही टेबलावर उघडलेली, काही राखीव. एखाद्या दिवशी रुळांचा एखादा फेरा रिकामा दिसला तर त्याचं कारण बहुधा हेच. नियोजित देखभालीने एक गाडी कमी असणं हे भर दुपारी बोगद्यात गाडी अडकण्यापेक्षा केव्हाही बरं.

रुळांवरची घाण हा वेगळाच विषय. निकेल सिल्व्हरचे रूळ गंजत नाहीत, पण चाक आणि रूळ यांच्यामध्ये सूक्ष्म ठिणग्या पडतात आणि काळा थर साचतो. प्लास्टिकची चाकं तो थर सगळ्या लेआउटभर पसरवतात. धातूची चाकं बसवली की तो निम्म्याहून कमी होतो, असा अनेक मॉडेल रेल्वे क्लबांचा अनुभव आहे. त्यात पाहुण्यांच्या कपड्यांचे धागे, केस, त्वचेची पूड. हे तंतू इंजिनाच्या आसाभोवती गुंडाळले जातात आणि गिअरबॉक्सपर्यंत पोचतात. उपाय सोपे, पण रोजचे: सकाळी गाड्या सुरू करण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड रुळांवरून फिरवणं, लांबच्या बोगद्यांत खाली घासपट्टी असलेला सफाईचा डबा गाडीला जोडून फिरवणं, आणि धूळ ओढताना व्हॅक्यूमच्या तोंडावर पातळ कापड बांधणं, म्हणजे छोटी माणसं आणि झाडं आत जात नाहीत. खरखरीत पॉलिश पेपर रुळाला कधीही लावू नये. त्याच्या चरांत घाण दुप्पट बसते.

हे सगळं माहीत असलं की बघणं बदलतं. गाडी एकाच जागी दर फेरीला लुकलुकली तर तिथला रूळ मळलेला आहे किंवा जोडपट्टी सैल झाली आहे. वळणावर मधला रिकामा डबा आतल्या बाजूला कलला तर गाडी लांब आणि डबे हलके आहेत. पुढून ओढ आणि मागून वजन, अशा ताणात मधला हलका डबा आतल्या बाजूला ओढला जातो. इंजिन चढावर नुसतं घरघरलं तर रबरी पट्टी गेली. स्टेशन नसताना गाडी थांबली आणि काही सेकंदांनी आपोआप निघाली, तर तो दोष समजू नका. एका फेऱ्यावर दोन-तीन गाड्या असल्या की पुढचा टप्पा मोकळा होईपर्यंत मागची गाडी थांबवावीच लागते, खऱ्या रेल्वेसारखी.

बघायचं कुठून, यावर मात्र लोक फार वेळ वाया घालवतात. सरळ वर जा. लेआउटच्या वर सज्जाला लागून युनायटेडचं खरं बोइंग ७२७ टांगलेलं आहे, १९९४पासून. त्या सज्जावरून खाली बघितलं की रुळांचा सगळा नकाशा एका नजरेत येतो: कुठले फेरे स्वतंत्र आहेत, कुठली गाडी कुठल्या डोंगराआड जाते, कुठे दोन मार्ग एकमेकांवरून जातात. पाच-सात मिनिटांत दोन-तीन गाड्या मनात धरा आणि मग खाली उतरा. खाली मोठ्या माणसाने उभं राहून बघू नये. उभ्या माणसाची नजर एचओच्या हिशेबाने उंच इमारतीच्या गच्चीवर असते. गुडघ्यावर बसा, डोळे रुळाच्या पातळीला आणा. मुलांना हे सांगावं लागत नाही, त्यांची उंचीच तेवढी असते, आणि जुन्या लेआउटची आठवण मोठी वाटते याचं हेही एक कारण आहे. ती आठवण साडेतीन फुटांवरून घेतलेली असते.

फोटोसाठी मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा फोन बरा. लहान सेन्सरमुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येऊन रुळाच्या जवळ जाते. काच असेल तिथे लेन्स काचेला टेकवा, फ्लॅश बंद. शटर १/६०वर असेल तर ६०च्या वेगाची गाडी तेवढ्यात तीन मिलिमीटर पुढे जाते आणि इंजिनावरचा नंबर पुसला जातो. १/२५०वर एक मिलिमीटरच्याही आत राहतो. उजेड कमी पडला तर पुलाजवळ थांबा आणि गाडी थांबलेली असताना टिपा.

वेळेचं म्हणाल तर शाळांच्या सहलींचा भर सकाळी असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी दोननंतर हॉल मोकळा होतो. उघडल्या उघडल्या पोचलात तर रूळ नुकतेच पुसलेले असतात आणि गाड्या सगळ्यांत सफाईने चालतात. मेट्रा इलेक्ट्रिकच्या ५५-५६-५७ स्ट्रीट स्टेशनवरून चालत जाता येतं. लेआउटला वेगळं तिकीट नाही, प्रवेशातच धरलेलं आहे. म्युझियममधल्या यू-५०५ या जर्मन पाणबुडीच्या आत जायचं असेल तर मात्र वेगळं काढावं लागतं. लहान मुलं सोबत असतील तर पाणबुडी आधी उरका, नाहीतर मुलं रेल्वेपाशी रमतात आणि पाणबुडीची ठरलेली वेळ निघून जाते.

त्याच दालनात न्यूयॉर्क सेंट्रलचं ९९९ क्रमांकाचं वाफेचं इंजिन उभं आहे. १० मे १८९३ रोजी त्याने ताशी ११२.५ मैलांचा वेग गाठला असा दावा केला गेला. आज तो आकडा जाणकार मानत नाहीत. मूळची ८६ इंची चाकं पुढे काढून लहान बसवली, आणि आज ते त्याच रूपात आहे. लेआउट पाहून झाला की या इंजिनाच्या चाकापाशी उभे राहा. मूळचं सुमारे २.२ मीटरचं चाक एचओमध्ये अडीच सेंटिमीटरचं होतं, हे गणित तिथे अंगावर येतं.

आता निकाल. रेल्वे समजून घ्यायची असेल, तर ‘द ग्रेट ट्रेन स्टोरी’ जुन्या सँटा फेपेक्षा सरस आहे: जास्त गाड्या, जास्त काम, जास्त अचूक तपशील, आणि लहान मुलाला समजेल असा धागा. दीड तास सहज जातो. पण गाडीचं वजन कानाने आणि छातीने अनुभवायचं असेल तर एचओ ते देऊ शकत नाही, कितीही पैसे ओतले तरी. माझी एक मागणी मात्र रास्त आहे: वीसपैकी दोन-तीन गाड्या खऱ्या प्रमाणातल्या वेगाने, स्टेशनवर थांबत चालवाव्यात. सतत फिरणाऱ्या गाडीकडे माणूस मिनिटभर बघतो. थांबलेली गाडी कधी निघते याची वाट तो पाच मिनिटं बघतो. त्याला नवा रूळ लागत नाही, नवी इंजिनं लागत नाहीत, फक्त वेळापत्रक लागतं.

आणि ज्यांना ओ गेजच हवं आहे त्यांनी शिकागोत शोधत बसू नये. पेनसिल्व्हेनियातलं शार्टल्सव्हिलचं ‘रोडसाइड अमेरिका’ २०२० साली बंद झालं आणि त्यातल्या वस्तू लिलावात निघाल्या. पिट्सबर्गचं ‘मिनिएचर रेलरोड अँड व्हिलेज’ मात्र चालू आहे. चार्ल्स बाउडिश यांनी १९२० साली नाताळच्या आदल्या दिवशी स्वतःच्या घरी ते लोकांना दाखवायला सुरुवात केली, १९५४ साली ते पिट्सबर्गच्या बुल प्लॅनेटेरियममध्ये आलं आणि १९९२पासून कार्नेगी सायन्स सेंटरमध्ये आहे. त्या केंद्राचं नाव आता कामिन सायन्स सेंटर. ओ गेजच्या गाड्या, पश्चिम पेनसिल्व्हेनियाची गावं आणि कारखाने, हलणारी माणसं, आणि दरवर्षी भर पडणारं एक नवं मॉडेल. दर शरदात काही आठवडे ते सफाई आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा तारखा बघितल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.